स्लॅब सुकला का?

गेल्या महिन्यातल्या एका रविवारी आम्ही दोघं फ्लॅट बघायला गेलो होतो. घ्यायचाच आहे असं काही नाही, पण दोन बेडरूममधून तीन बेडरूममध्ये जायचं खूळ चाळिशीच्या आसपास डोक्यात शिरतंच. कांजिण्यांसारखं, एकदा येऊन जावं लागतं. तर सॅम्पल फ्लॅट झाला, मॉड्युलर किचनचे ड्रॉवर उघडून-मिटून झाले, मशीनची कॉफी झाली. मग सेल्समधला एक हसतमुख मुलगा आम्हाला बाल्कनीत घेऊन गेला आणि समोरच्या अर्धवट टॉवरकडे बोट दाखवून म्हणाला, "एम-फिफ्टी काँक्रीट आहे सर. सगळ्या भिंतीपण काँक्रीटच्याच, वीट नाहीच. दर सात दिवसांना एक मजला!"

मी विचारलं, "पाणी किती दिवस मारता?"

तो म्हणाला, "सर, चोवीस तास पाणी. कॉर्पोरेशनचं कनेक्शन आहे, शिवाय दोन बोअर."

बायकोनं माझ्याकडे बघितलं. ती नजर लग्न झालेल्यांना समजावून सांगायची गरज नाही. मी तरीही नेटानं म्हटलं, "नाही, काँक्रीटला." त्यावर तो म्हणाला, "अच्छा ते! ते काय सर, स्लॅब सुकला की लगेच पुढचा घेतो."

स्लॅब सुकला की. या तीन शब्दांवर गेले चार वीकेंड घालवलेत. वाचलं, एका सिव्हिलवाल्या मित्राचं डोकं खाल्लं (हॉस्टेलचा रूममेट, त्याला सवय आहे), घरी एक प्रयोगही केला. त्यातून माझं एक मत तयार झालंय, ते आज इथे मांडतोय. मी सॉफ्टवेअरवाला, माझा सिमेंटशी संबंध ईएमआयपुरता. चुकलो तर सिव्हिलवाल्यांनी कान धरावा.

आधी थोडं मागे जातो. १९९४च्या मे महिन्यात कराडला आमच्या घराचा स्लॅब पडला. मी तेव्हा दहा वर्षांचा. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंड्यानं स्लॅबवर मालाचे छोटे बांध घालून भाताच्या खाचरासारखे वाफे केले, त्यात पाणी भरलं आणि बाबांनी माझी नेमणूक केली. काम एकच. वाफे कोरडे पडू द्यायचे नाहीत. कॉलमला गोणपाट गुंडाळलेलं, तेही ओलं ठेवायचं. सकाळी, दुपारी, संध्याकाळी. दुपारी स्लॅबवर पाय पोळायचे. बाकीची पोरं नदीवर आणि मी नळीचं तोंड अंगठ्यानं दाबून उभा. एकदा झोप लागली आणि दोन वाफे आटले, तेव्हा पाठीत बसलेला धपाटा अजून लक्षात आहे. मी गवंड्याला विचारलं होतं, "सुकल्याशिवाय घट्ट कसं होणार? आणि तुम्ही तर ओलं ठेवायला सांगता." तो म्हणाला, "चिखल सुकतो रे. ह्याला पाजायला लागतं."

माझ्या मते सिमेंटच्या रसायनशास्त्राचा याहून चांगला सारांश मला नंतर कुठल्याच पुस्तकात सापडला नाही.

सिमेंट सुकून घट्ट होत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावतं आणि त्यातून नवा पदार्थ तयार होतो, म्हणून ते घट्ट होतं. समुद्रातल्या पुलाचे खांब पाण्याखालीच घट्ट होतात, ते याचमुळे. हे बऱ्याच जणांना माहीत असतं. पण यापुढची एक पायरी आहे, ती मला चाळीस वर्षांत कोणी सांगितली नव्हती. सिमेंट सुकून घट्ट होत नाही हे खरं, पण घट्ट होताना ते *आतून सुकतं*. वारा नको, ऊन नको. प्लॅस्टिकमध्ये हवाबंद गुंडाळून ठेवा, एक थेंब बाहेर जाऊ देऊ नका, तरी सुकतं. स्वतःच्या पोटातलं पाणी स्वतःच पितं आणि कोरडं पडतं.

साबुदाणा आठवा. रात्री धुऊन, पाणी बेताचं ठेवून, वर झाकण घालून ठेवता. सकाळी झाकण काढलं तर पाणी गायब. वाफ होऊन गेलं का? नाही. साबुदाण्यानं पिऊन टाकलं. पाणी कमी पडलं असेल तर दाणा मधोमध टणक राहतो, आणि सकाळी उठून वरून कितीही पाणी शिंपडा, खिचडी व्हायची तशीच होते. सिमेंटचा कण थोडाफार असाच वागतो.

पण उपमा इथेच सोडायला हवी, कारण साबुदाणा फुगतो आणि सिमेंटचं गणित उलटं आहे. सिमेंट आणि पाणी यांचं मिळून जेवढं घनफळ असतं, त्यापेक्षा त्यातून तयार झालेल्या पदार्थाचं घनफळ *कमी* भरतं. ल शातेलिए नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं हे १९००च्या सुमारास दाखवून दिलं. १०० ग्रॅम सिमेंट पूर्णपणे मुरलं तर साधारण ६ ते ७ मिली जागा हिशेबातून नाहीशी होते. दोन अधिक दोन पावणेचार.

यावर माझा विश्वास बसेना, म्हणून प्रयोग केला. एक बसकी रुंद बरणी घेतली (लोणच्याची होती, हे घरी उशिरा कळलं), त्यात १०० ग्रॅम सिमेंट पाण्यात कालवून पातळ थर दिला, वरून हळूच काठोकाठ पाणी भरलं आणि झाकणाला भोक पाडून त्यात सुई काढलेली सिरिंज उभी बसवली. सांध्याला एम-सील. सिरिंजमध्ये पाण्याची पातळी दिसते. बाष्पीभवन नको म्हणून वर तेलाचा थेंब सोडला. पहिल्यांदा खोबरेल घातलं, ते सकाळच्या गारठ्यात गोठलं, मग शेंगदाण्याचं. शनिवारी सकाळी लावलं, रविवारी सकाळपर्यंत पातळी दोन मिलीच्या आसपास खाली! गळती म्हणाल तर टिपकागद ठेवला होता, कोरडा ठणठणीत. बरणीच्या आत, माझ्या डोळ्यांदेखत, जागा नाहीशी झाली होती. (करून बघणार असाल तर हातमोजे घाला, सिमेंट कातडीला खातं. आणि बरणी विचारून घ्या.)

माझ्या बरणीत वर पाणी होतं, म्हणून रिकामी झालेली जागा वरच्या पाण्यानं भरून निघाली आणि पातळी उतरली. भिंतीत तसं वर पाणी नसतं. मग काय होतं? पहिल्या काही तासांत माल मऊ असतो, तोवर सगळा गोळाच थोडा बसतो. पण एकदा सांगाडा उभा राहिला की तो पूर्ण दबू शकत नाही, त्यामुळे आत सूक्ष्म पोकळ्या राहतात आणि उरलेलं पाणी त्या पोकळ्यांच्या भिंतींना धरून ताणलं जातं. समुद्रावर केलेला ओल्या वाळूचा किल्ला उभा राहतो, कोरड्या वाळूचा राहत नाही, कारण दोन कणांमधलं थोडंसं पाणी कणांना एकमेकांकडे ओढत असतं. सिमेंटमधली छिद्रं वाळूपेक्षा कितीतरी बारीक, त्यामुळे ही ओढ भयंकर. पाण्याचं सिमेंटशी प्रमाण ०.३०च्या आसपास असलेल्या, सिलिका फ्यूम घातलेल्या मालात, बाहेर वाफ जाऊ न देताही, आतली आर्द्रता काही आठवड्यांत ८० टक्क्यांच्या खाली जाऊ शकते. ८० टक्के आर्द्रतेला त्या छिद्रांतल्या पाण्यातला ताण हिशेबानं निघतो सुमारे ३० मेगापास्कल. समुद्रात तीन किलोमीटर खोल गेलात तर जेवढा दाब तेवढी ओढ, पण आतल्या बाजूला. काँक्रीट स्वतःला आवळून घेतं.

याला ऑटोजिनस श्रिंकेज म्हणतात. आपण स्वयंआकुंचन म्हणू.

मग हे इतकं मोठं प्रकरण, तर आमच्या गवंड्याला आणि त्याच्या आधीच्या चार पिढ्यांच्या इंजिनियरांना त्याचा त्रास का झाला नाही? कारण जुन्या मालात पाणी भरपूर असायचं. अमेरिकेत पॉवर्स नावाच्या संशोधकानं १९४०च्या दशकात याचा हिशेब मांडला. बाहेरून पाणी मिळणार नसेल, तर सगळं सिमेंट मुरायला सिमेंटच्या वजनाच्या सुमारे ०.४२ पट पाणी लागतं. आमच्या घराचा माल १:२:४, फावड्यानं कालवलेला, त्यात हे प्रमाण सहज ०.६ असणार. म्हणजे गरजेपेक्षा कितीतरी जास्त. पिऊन उरायचं. १९४०मध्येच डेव्हिस नावाच्या माणसानं धरणांच्या काँक्रीटमध्ये हे आकुंचन मोजलं होतं, ते भरलं दहा लाखांत पन्नास ते शंभर भाग. दहा मीटरला एक मिलिमीटरसुद्धा जेमतेम. इंजिनियर म्हणाले, सोडून द्या.

पुढे सुपरप्लास्टिसायझर आले. जपान आणि जर्मनीत १९६०च्या दशकात ही रसायनं निघाली. त्यांच्यामुळे कमी पाण्यातही माल लापशीसारखा वाहायला लागला. पाणी कमी म्हणजे छिद्रं कमी, छिद्रं कमी म्हणजे ताकद जास्त. ०.६चं ०.४ झालं, ०.४चं ०.३ झालं. ताकदीचे आकडे चढत गेले आणि सगळे खूश. पण ०.४२ची रेघ ओलांडली तेव्हा काँक्रीट जन्मतःच तहानलेलं झालं, हे फार थोड्यांच्या लक्षात आलं. वापरात बदल करून डॉक्युमेंटेशन तेच ठेवायचं, हा रोग फक्त आमच्याच धंद्यात आहे असं मला वाटायचं.

बिल यायचं ते आलंच. १९९६मध्ये अमेरिकेत पुलांच्या स्लॅबवरच्या भेगांचा एक मोठा अहवाल निघाला. त्यातला अंदाज असा, की एक लाखाहून जास्त पुलांच्या स्लॅबला सुरुवातीच्या काळातच आडव्या भेगा गेल्या होत्या. सगळा दोष स्वयंआकुंचनाचा नव्हे. सिमेंट मुरताना तापतं आणि मग गार होताना आक्रसतं, वरून वाऱ्यानं सुकतं ते वेगळंच. पण जास्त सिमेंटचा, लवकर ताकद घेणारा माल या बाबतीत जास्त वाईट वागतो, हे त्यातून स्पष्ट झालं. १९९८मध्ये जपानात हिरोशिमाला फक्त स्वयंआकुंचन या एका विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. युरोपच्या संहितेत तर आता सरळ सूत्रच आहे. ३०च्या ग्रेडला हे आकुंचन दहा लाखांत ५०, तर ६०च्या ग्रेडला १२५. (त्यांची ताकद सिलिंडरवर मोजतात, आपली क्यूबवर, पण रोख कळतो.) ताकद दुप्पट, आवळून घेणं अडीचपट. आणि सिलिका फ्यूमवाल्या कमी पाण्याच्या मालात प्रत्यक्षात २००-३०० सुद्धा भरतं.

आता आकडे बाजूला ठेवून भिंतीकडे बघू. काँक्रीट दाबाला वाघ आणि ताणाला शेळी. त्याची ताण सोसायची ऐपत दाबाच्या साधारण दहावा हिस्सा. दहा लाखांत शंभर-दीडशे भाग ताणलं की भेग. भिंत मोकळी असती तर मजेत आक्रसली असती, पण ती खालच्या स्लॅबला घट्ट धरलेली, आतल्या सळ्यांना चिकटलेली. आक्रसायचंय पण आक्रसता येत नाही, म्हणजे ताण. ताण जातो कुठे? खिडकीच्या कोपऱ्यात. तिथून तिरकी केसासारखी भेग निघते. त्या बाल्कनीतून परतताना पार्किंगमधून गेलो, तेव्हा पोडियमच्या भिंतीला अशा दोन भेगा मी पाहिल्या. सेल्सवाला म्हणाला, "ते पेंटमध्ये जातं सर."

इथे सिव्हिलवाल्या मित्रानं मला थांबवलं. त्याचं म्हणणं असं, "हे वाचून लोक घरातली प्रत्येक भेग स्वयंआकुंचनाच्या नावावर खपवतील. बाबा रे, घरातल्या बहुतेक भेगा प्लास्टरच्या असतात, नाहीतर ब्लॉकची भिंत आणि बीम यांच्या सांध्यातल्या. आणि एम-५०मध्ये स्वयंआकुंचन एकटं भिंत फोडेल असंही नाही." मान्य. पण मग तोच पुढे म्हणाला, "ते एकटं येत नाही ना. भेग जायला शंभर-दीडशेची सोय आहे, त्यातले शंभर यानं पहिल्या आठवड्यातच खाल्ले, मग गार होणं आणि वरून सुकणं यांना शिल्लक काय राहिली?" महिन्याच्या पहिल्या तारखेला ईएमआय कापून गेल्यावर उरलेल्या पगारासारखं हे आहे. मला लगेच कळलं.

तर आता माझं मत.

एक. ग्रेड म्हणजे गुणवत्ता नव्हे. आपल्याला मोठा आकडा आवडतो. मेगापिक्सेल, मायलेज, सीजीपीए, तसंच हे एम-५०. सिमेंटच्या पोत्यावरचा ५३ हा आकडाही आपल्याला असाच आवडतो. पण बारीक दळलेलं, झपाट्यानं मुरणारं सिमेंट आणि कमी पाणी या जोडीला जन्माच्या पहिल्या दिवसापासून जास्त देखभाल लागते. ती देणार नसाल तर त्या ५०पेक्षा नीट पाणी पाजलेला ३० बरा. उंच टॉवरच्या खालच्या कॉलमला मोठी ग्रेड लागते, त्याबद्दल तक्रार नाही. पण ब्रोशरवर मिरवायला ग्रेड आणि पाणी मारायला माणूस नाही, याला माझा विरोध आहे.

दोन. क्यूब टेस्ट पास झाली म्हणजे भिंत पास झाली असं नाही. हे मला कळलं तेव्हा मी अक्षरशः हसलो. माल ओतताना त्यातला थोडा काढून १५ सेंटिमीटरचे ठोकळे करतात, ते साच्यातून काढून २८ दिवस टाकीत पाण्यात बुडवून ठेवतात आणि मग लॅबमध्ये फोडतात. ठोकळा २८ दिवस स्विमिंग पूलमध्ये, आणि त्याच मालाची भिंत दुसऱ्या दिवशी साचा काढल्यापासून उन्हात! ठोकळ्याला भेग जायचाही प्रश्न नाही, कारण त्याला कोणी धरून ठेवलेलं नाही. आमच्याकडे याला एक नाव आहे. "माझ्या मशीनवर तर चालतंय." टेस्टर बग घेऊन येतो आणि डेव्हलपर शांतपणे हे वाक्य म्हणतो. क्यूबचा रिपोर्ट खोटा नसतो. माल कसा आला हे तो सांगतो, भिंतीचं पुढे काय झालं हे सांगत नाही. प्रॉडक्शन सर्व्हरवर काय चाललंय ते बघायचं तर प्रॉडक्शन सर्व्हरच बघावा लागतो.

तीन, आणि सगळ्यात महत्त्वाचं. पाणी मारणं या कामाला वेगळी किंमत लावा. आयएस ४५६च्या २०००च्या आवृत्तीत काय लिहिलंय? साध्या सिमेंटला किमान ७ दिवस, फ्लाय ॲश वगैरे मिसळलेल्या सिमेंटला किमान १० दिवस, कोरड्या-गरम हवेत १०पेक्षा कमी नाहीच, आणि मिश्र सिमेंटला १४पर्यंत वाढवावं अशी शिफारस. आता हे १४ दिवस आणि 'दर सात दिवसांना मजला' शेजारी ठेवून बघा. दोन्ही जमू शकतं, नाही असं नाही, वरचा मजला चढत असताना खालच्या भिंती ओल्या ठेवता येतात. पण ते करायला माणूस लागतो, गोणपाट लागतं, पाइप लागतो. आणि या सगळ्याचे पैसे बहुतेक वेळा काँक्रीटच्या दरातच धरलेले असतात. वेगळी ओळ नाही. ज्याची ओळ नाही ते काम घाईत पहिल्यांदा गळतं. आमच्याकडे टेस्टिंगचे दिवस 'डेव्हलपमेंटमध्येच धरलेत' असं जेव्हा मॅनेजर म्हणतो, तेव्हा ते किती धरलेले असतात ते आम्ही जाणतो. कॅनडातले काँक्रीटतज्ज्ञ पिएर-क्लोद एतसँ हाच मुद्दा आयुष्यभर लावून धरत आले. पाणी मारण्याचे पैसे कंत्राटदाराला वेगळे द्या, मग बघा तो किती हौसेनं मारतो. यात कुणाला चोर म्हणायची गरज नाही. नफ्याची दिशा बदलायची, बस.

यावर दोन आक्षेप मला दिसतात आणि दोन्ही वजनदार आहेत.

पहिला असा की घट्ट मालात वरचं पाणी आत जातंच कुठे? खरं आहे. पॉवर्सच्याच मंडळींचा १९५९चा हिशेब आहे. पाण्याचं प्रमाण ०.६ असेल तर आतल्या केशवाहिन्या तुटायला सहा महिने लागतात, ०.४५ असेल तर सात दिवस, आणि ०.४० असेल तर फक्त तीन दिवस. त्यानंतर वरून कितीही पाणी मारा, ते कातडीपुरतं. पण यातून पाणी मारू नका असा अर्थ निघत नाही, लगेच मारा असा निघतो. आमच्या गवंड्याचे वाफे दोन दिवस उशिरा झाले असते तरी आमच्या त्या पाणचट मालाचं फार बिघडलं नसतं. आजच्या मालात 'सोमवारी सुरू करू' म्हणजे दरवाजा बंद झाल्यावर बेल वाजवणं.

आणि जाड भिंतीच्या गाभ्यापर्यंत पाणी पोचतच नसेल, तर ते आधीच आत ठेवून द्यायचं! ही कल्पना मला फारच आवडली. फिलियो नावाच्या अमेरिकन इंजिनियरनं १९९१मध्ये सुचवलं की थोड्या वाळूच्या जागी सच्छिद्र हलकी वाळू पाण्यानं टच्च भिजवून घाला. ती आतून लागेल तसं पाणी सोडत राहील. २००१मध्ये डेन्मार्कच्या येन्सेन आणि हान्सेन या जोडीनं त्यापुढे जाऊन बाळाच्या डायपरमध्ये असते ती पाणी शोषणारी पावडर काँक्रीटमध्ये घालायची पद्धत मांडली. सिमेंटच्या वजनाच्या अर्धा टक्का वगैरे. मालात ती फुगते आणि साबुदाण्यासारखे पाण्याचे हजारो दाणे भिंतभर पसरतात. सिमेंट तहानलं की दाणा आपलं पाणी देऊन रिकामा होतो. २००६च्या फुटबॉल वर्ल्ड कपच्या वेळी जर्मनीत कायझर्सलाउटर्नला या पद्धतीनं एक पातळ भिंतींचा मंडप बांधून दाखवला होता. भिजलेला दाणा आधीच मालात असता तर सकाळी खिचडी बिघडली नसती, एवढीच ती गोष्ट.

दुसरा आक्षेप पाण्याचा. उन्हाळ्यात जिथे सोसायट्यांना टँकर लागतात, तिथे भिंतींवर पाणी ओतायचं? ओतायचं नाही. नळी सोडून देणं म्हणजे क्युरिंग नव्हे, ते चिखल करणं झालं. ओलं गोणपाट, त्यावर प्लॅस्टिक, म्हणजे तेच पाणी टिकतं. आणि आतून पाजायचं झालं तर ०.३०च्या मालाला घनमीटरमागे २०-२५ लिटर जास्तीचं पाणी पुरतं. माल कालवायलाच त्याच्या कितीतरी पट लागतं. पाणी वाचवायचं असेल तर ते शोभेच्या कारंज्यात वाचवा.

आता या सगळ्याशी तुमचा-माझा काय संबंध? संबंध असा. भेग केसाएवढी असते, घर काही पडत नाही. पण त्या केसातून पाणी आणि हवा आत जाते, मुंबई-कोकणात त्याबरोबर खारं वारं जातं, आणि सळी गंजायला लागते. गंजलेली सळी फुगते आणि मग काँक्रीटचे पोपडे पडतात. हे व्हायला वर्षं लागतात. रेराच्या २०१६च्या कायद्यात ताबा घेतल्यापासून पाच वर्षांत बांधकामाचा दोष निघाला तर बिल्डरनं तो तीस दिवसांत फुकट दुरुस्त करून द्यायचा, अशी तरतूद आहे. चांगली आहे. पण भेग पहिल्या महिन्यात जन्मते, रंगाखाली झाकली जाते, आणि गंज दहाव्या-पंधराव्या वर्षी बाहेर येतो. तेव्हा बिल्डरची जबाबदारी संपलेली आणि आपला ईएमआय चालू. म्हणून जे काय विचारायचं ते आत्ता, भिंत ओली असताना.

काय विचारायचं? फार नाही. पाणी मारायला साचा काढल्यावर किती तासांनी सुरू करता? किती दिवस? त्याची रोजची वही आहे का? भिंतीशेजारी, भिंतीसारखेच ठेवलेले दोन ठोकळे फोडून बघता का? हे काम कुणाच्या नावावर आहे, आणि त्याला त्याचे वेगळे पैसे मिळतात का? सेल्सच्या मुलाला उत्तरं येणार नाहीत, त्याचा दोष नाही, त्याला कुणी विचारलंच नाही. आपण टाइल्सच्या ब्रँडवर अर्धा तास घालवतो. त्यातली दहा मिनिटं इकडे वळवली, आणि दहापैकी तीन गिऱ्हाईकांनी वळवली, तर पुढच्या ब्रोशरवर क्युरिंगचे दिवस छापून येतील. बाजार असाच चालतो.

उगाच 'जुनं ते सोनं' म्हणत नाही. कराडच्या घराला तीस वर्षं झाली, उभं आहे, पण त्या पाणचट मालाला छिद्रंही भरपूर. बाल्कनीच्या खाली सळीचा तपकिरी डाग उमटलाय. नवं काँक्रीट त्याच्यापेक्षा नक्कीच चांगलं होऊ शकतं. फक्त ते जास्त तहानलेलं आहे, आणि नेमकं त्याच वेळी नळी धरायला कोणी उरलेलं नाही.

परवा त्या सेल्सच्या मुलाचा फोन आला. मी परत तेच विचारलं. त्यानं कुणाकडे तरी चौकशी केली होती. "सर, साइट इंजिनियर म्हणाले की दहा दिवस मारतो. आणि म्हणाले की हे विचारणारे तुम्ही पहिलेच."

येत्या रविवारी जाणार आहे. सॅम्पल फ्लॅटमध्ये नाही, दोन दिवसांपूर्वी साचा काढलेल्या मजल्यावर, हेल्मेट घालून. गोणपाटाला हात लावून बघणार. ओलं लागलं तर पुढचं बोलू.